खलिता, रुमाल आणि चिंधी

मराठ्यांच्या इतिहासाचीं साधनें म्हणून जे पत्रव्यवहाराचे खंड आपल्याकडे छापले गेले, त्यांच्याविषयीं महाराष्ट्रास अभिमान वाटावा हें योग्यच आहे. राजवाड्यांचा पहिला खंड १८९८ सालीं निघाला. पुढें वासुदेवशास्त्री खरे, पारसनीस, सरदेसाई इत्यादिकांनीं घरोघरचीं दप्तरें धुंडाळून हजारों पत्रें उजेडांत आणलीं. गेलीं पुष्कळ वर्षें मी हे खंड विद्यार्थ्यांपुढें उघडून बसत आलों आहें. परंतु अलीकडे, एका अगदीं घरगुती प्रसंगानें, माझ्या मनांत असें आलें कीं, या सर्व खंडांत आपण पत्राचा मजकूर तेवढा वाचतों. तें पत्र ज्या कापडांतून आलें, त्या कापडाची विचारपूस सहसा कोणी करीत नाहीं. तो प्रसंग कोणता, हें ओघानें येईलच. आधीं कापडाची हकीकत सांगतों.

'खलिता' हा शब्द आज आपण थोडा थट्टेनेंच वापरतों. कचेरींतून लांबलचक पत्र आलें, कीं 'साहेबांचा खलिता आला' असें म्हणतों. मुळांत हा शब्द अरबी 'खरीता', आणि त्याचा अर्थ पिशवी. पिशवीचें नांव आंतल्या पत्रास मिळालें, इतकीं तीं दोन एकजीव होतीं. मराठी कागदांत हिलाच थैली म्हणत. राजेरजवाड्यांचें पत्र सोनेरी शिडकाव्याच्या घोटीव कागदावर लिहीत. त्याची अरुंद घडी करीत. ती प्रथम तलम मलमलीच्या पिशवींत आणि मग किनखापाच्या पिशवींत घालीत. पिशवीचें तोंड रेशमी दोरीनें आवळून त्या दोरीच्या टोंकाला लाखेची भली मोठी मुद्रा लोंबती सोडीत. कापड कोणत्या प्रतीचें, मुद्रा केवढी, यावरून पाठविणारा घेणाऱ्यास कोणत्या पायरीवर बसवितो, हें पत्र उघडण्यापूर्वींच दरबारास कळे. मजकूर मुनशी वाची. थैली सगळेच वाचीत. इंग्रजांनींही हा प्रघात मोडला नाहीं. गव्हर्नर-जनरल व संस्थानिक यांच्यामधील औपचारिक पत्रें विसाव्या शतकांतही अशाच थैल्यांतून जात होतीं. मिरीलवंगांच्या व्यापारासाठीं आलेल्या कंपनीनें आपल्या दप्तरांतून किनखापाचा खर्च कमी केला नाहीं, हें मला तरी मोठें मौजेचें वाटतें.

कापड नुसतें पत्राचें आवरण न राहतां स्वतःच पत्र झाल्याचें उदाहरण पाहावयाचें, तर मला माझ्या गांवापासून फार दूर जावें लागत नाहीं. माझें गांव पांढरकवडा. यवतमाळ जिल्ह्यांतील केळापूर तालुक्याचें ठिकाण, नागपुराहून हैदराबादेस जाणाऱ्या हमरस्त्यावरचें, तेलंगणाच्या सीमेजवळचें, कापसाचें गांव. मराठींत एखाद्यास 'वस्त्रें मिळालीं' म्हणजे पद मिळालें. सनद मागाहून वाचीत. वस्त्रें अंगावर पडलीं कीं काम झालें. ५ नोव्हेंबर १८१७ रोजीं खडकीची लढाई होऊन दुसऱ्या बाजीरावाचें इंग्रजांशीं उघड युद्ध जुंपलें, आणि त्याच महिन्यांत त्यानें नागपूरच्या आप्पासाहेब भोंसल्यांकडे सेनापतिपदाचीं वस्त्रें व जरीपटका पाठविला. २४ नोव्हेंबरास आप्पासाहेबांनीं भर दरबारांत त्यांचा स्वीकार केला. त्या वस्त्रांवर अक्षर एकही नव्हतें. तरी रेसिडेंट जेन्किन्स यानें तीं बिनचूक वाचलीं. दोन दिवसांनीं सीताबर्डीच्या टेकडीवर लढाईस तोंड लागलें व २७ तारखेस आप्पासाहेबांची फौज मागें हटली.

याच प्रकरणाचा दुसरा अंक पत्रांवरूनच घडला. गादीवर पुन्हां बसविल्यावरही आप्पासाहेब बाजीरावाशीं गुप्त पत्रव्यवहार करीत आहेत, असें आढळून आल्यावरून जेन्किन्सनें मार्च १८१८ मध्यें त्यांस कैद केलें. गुप्त पत्रास किनखापाची थैली कोठून असणार! असलीं पत्रें जासूद पागोट्याच्या घडींत, अंगरख्याच्या अस्तरांत शिवून नेत असत. म्हणजे एकच टांका. एके ठिकाणीं तो जगास दाखविण्यासाठीं, दुसऱ्या ठिकाणीं जगापासून लपविण्यासाठीं. बाजीराव चांद्याच्या रोखानें निघाला होता; वर्धा नदीपाशीं वाट अडलेली पाहून तो मागें वळला, आणि १७ एप्रिल १८१८ रोजीं पांढरकवड्याजवळ शिवणी येथें कर्नल अॅडम्सनें त्यास गांठलें. तोफा गेल्या, खजिन्याचा भाग गेला, फौज फुटली, पेशवा घोड्यावरून निसटला. पुढें ३ जून रोजीं तो माल्कमच्या स्वाधीन झाला, हें सर्वश्रुतच आहे. आमच्या लहानपणीं ही लढाई गांवांत कोणाच्या बोलण्यांत नसे. शिवणीचा बाजार मात्र सर्वांस ठाऊक होता.

राज्य गेलें, कागद उरले. आणि ते कशांत उरले? पुन्हां कापडांतच. पुण्याच्या पेशवे दप्तरांत कागदपत्रांची मोजदाद रुमालांनीं करतात. चौकोनी जाडेंभरडें कापड, त्यांत पुडकीं, वरून गांठ; असे हजारों रुमाल. सरदेसायांनीं १९३० ते १९३४ या काळांत त्या दप्तरांतून निवडून ४५ भाग छापले, ते असे रुमाल सोडून सोडून. एखादा विषय मागें टाकला म्हणजे तो 'बासनांत गुंडाळला' असें आपण म्हणतों, तें बासनही कापडच. किनखापाच्या थैल्यांपैकीं कांहीं पदार्थसंग्रहालयांत कांचेखालीं जाऊन बसल्या. या रुमालांकडे मात्र कोणी कलावस्तु म्हणून पाहिलें नाहीं. वास्तविक दोनशें वर्षें वाळवीशीं व दमटपणाशीं झगडण्याचें काम त्यांनीं केलें.

आणखी एक गोष्ट येथेंच सांगितली पाहिजे. ज्या कागदावर हीं पत्रें लिहिलीं गेलीं तो कागद तरी काय होता? जुनीं गोणपाटें, दोरखंडें, चिंध्या यांचाच तो लगदा. जुन्नर, दौलताबादेजवळचा कागदीपुरा, पुण्याच्या कसब्यांतला कागदीपुरा, हीं या धंद्याचीं नांवाजलेलीं ठिकाणें. चिंध्या निवडावयाच्या, शिवणी उसवून काढावयाच्या, बारीक तुकडे करून चुन्याच्या पाण्यांत भिजत घालावयाचे, मग कुटून कुटून त्यांचा लगदा करावयाचा; तो हौदांत पाण्यांत कालवून चाळणीसारख्या साच्यावर पातळ थर उचलावयाचा, दाबून पाणी काढावयाचें, भिंतीवर वाळवावयाचें, खळ लावावयाची आणि गुळगुळीत दगडानें घोटावयाचें. कापसाचा तंतु पाण्यांत कुटला म्हणजे त्याला बारीक कुसें फुटतात व तीं एकमेकांत गुंततात; त्या गुंत्यालाच आपण कागद म्हणतों. यंत्राच्या स्वस्त कागदापुढें हा धंदा बसला. त्यास पुन्हां उभें करण्याचा यत्न आमच्याच मुलुखांत, वर्ध्यास झाला. १९३४ सालीं अखिल भारत ग्रामोद्योग संघ निघाला आणि जे. सी. कुमारप्पा यांच्या देखरेखीखालीं मगनवाडींत हातकागद निघूं लागला. १९४० सालीं पुण्यास हातकागदाची संस्था निघाली. तिचाही मुख्य कच्चा माल सुती चिंध्याच. सारांश, लगदा होऊन लेखणीखालीं आलेली चिंधी कागद ठरली, अखंड राहून लेखणीबाहेर उरलेली चिंधीच ठरली. आणि आम्हां इतिहासवाल्यांचें लक्ष पहिलीकडेच लागून राहिलें.

१ ऑक्टोबर १८५४ पासून सर्व देशांत एकसारख्या दराचीं तिकिटें सुरू झालीं. अंतराचा हिशेब सुटला, अर्ध्या आण्यांत पत्र कोठेंही जाऊं लागलें. १ जुलै १८७९ पासून एका पैशाचें कार्ड निघालें. पायऱ्या गेल्या, राजाचें कार्ड व रंकाचें कार्ड एकाच मापाचें. हा लाभ थोडा नव्हे. परंतु लोकांनीं त्या सारख्या कार्डावरही हातानें कांहीं तरी केलेंच. लग्नाच्या पत्रास हळदकुंकवाचीं बोटें लागलीं. मृत्यूची वार्ता कळविणाऱ्या कार्डाचा कोपरा फाडला जाऊं लागला. वाचतां न येणाऱ्यासही पोस्टमनच्या हातांतलें कार्ड दुरून समजावें, ही त्यांतली सोय. आणि पत्राच्या अंगावरून उतरलेलें कापड पार्सलाच्या अंगावर चढलें. पोस्टानें पार्सल पाठवावयाचें तर तें कापडांत शिवून, शिवणीवर लाखेच्या मुद्रा उठवून न्यावें, हा रिवाज सगळ्या देशांत परवांपरवांपर्यंत होता. मांजरपाट, दुहेरी दोरा, जाड सुई, मेणबत्तीवर वितळविलेली लाख आणि तिच्यावर दाबावयास एखादें जुनें नाणें, इतकें सामान आमच्या घरीं एका पत्र्याच्या डब्यांत कायमचें ठेवलेलें असे.

आतां घरची गोष्ट. १९८७ सालीं मी शिक्षणासाठीं नागपुरास वसतिगृहांत राहूं लागलों. पांढरकवडा ते नागपूर कांहीं विलायत नव्हे, एस. टी.नें येणाऱ्याजाणाऱ्याच्या हातीं डबा देतां आला असता. पण आईचा येणाऱ्याजाणाऱ्यांवर विश्वास नव्हता, पोस्टावर होता. वडील दर पंधरवड्यास कार्ड लिहीत. त्यांत फीची चौकशी, कापसाचा भाव, आणि 'इकडील सर्व क्षेम'. आई दुसऱ्या इयत्तेपर्यंत शिकलेली. तिला वाचतां येई, पण लिहावयाचें म्हटलें कीं तिचा हात आंखडे. ती पार्सल शिवी. वरून मांजरपाट असे, आंतल्या बाजूस मात्र कसल्या ना कसल्या चिंधीचें अस्तर लावलेलें असे. मी तें चिवडा काढून घेण्यापुरतें पाहीं. एकदां निळ्या फुलांच्या कापडाचें पिंपळपान कापून शिवलें होतें; तें बहिणीच्या नव्या पोलक्याचें उरलेलें. एकदां पिवळ्या झबल्याची बाही होती, आणि चुलत भावास मुलगा झाल्याचें वडिलांचें कार्ड मागाहून चार दिवसांनीं आलें. तिच्या चिंध्या कार्डापेक्षां लवकर बातमी आणीत, हें माझ्या लक्षांत यावयास हवें होतें.

१९८९ च्या मार्चांत परीक्षेच्या ऐन दिवसांत एक पार्सल आलें. त्याच्या अस्तरांत कांहींच आकार नव्हता; हिरव्या लुगड्याच्या तांबड्या काठाची एक वीतभर रुंदीची पट्टी चारी बाजूंनीं साध्या धावदोऱ्यानें शिवली होती. तो काठ मी ओळखला. आजीचें लुगडें. मला वाटलें, फाटलें असेल. शेवटचा पेपर देऊन घरीं आलों, तेव्हां ओसरीवर आजीची जागा रिकामी होती. मुलाची परीक्षा बुडूं नये म्हणून कळवावयाचें नाहीं, असें वडिलांनीं ठरविलें होतें, व त्यांच्या दृष्टीनें त्यांत गैर कांहीं नव्हतें. आईनें त्यांचा शब्द मोडला नाहीं. ती मला एवढेंच म्हणाली, "आंत पट्टी दिसली नाहीं काय तुला?" दिसली होती, असें मीं सांगितलें. त्यावर ती कांहीं बोलली नाहीं. जित्या माणसाचें नेसतें लुगडें कोणी कापून पार्सलाला लावीत नाहीं, हें समजावयास मोडी लिपि यावी लागत नाहीं. जेन्किन्साला जें दरबारांत समजलें तें मला माझ्या खोलींत समजलें नाहीं.

ज्यास हल्लीं 'मेल आर्ट' म्हणजे टपालकला म्हणतात, तिचा जनक म्हणून रे जॉन्सन या अमेरिकन चित्रकाराचें नांव घेण्यांत येतें. १९५० नंतरच्या काळांत त्यानें कात्रणें चिकटविलेलीं चित्रपत्रें स्नेह्यांस पाठविण्याचा सपाटा लावला. ज्याला मिळेल त्यानें त्यांत भर घालावी व पुढें धाडावें. चित्रशाळेच्या भिंती, दलाल, किंमत या सर्वांस टाळून कला थेट पोस्टमनच्या हातीं देण्याची ती युक्ति होती. तिचें महत्त्व मी कमी करीत नाहीं. परंतु कापडी पत्राचा माग काढावयाचा तर त्याच्याही मागें जावें लागतें. १९१४ ते १९१८ च्या महायुद्धांत फ्रान्समधील बायका तलम रेशमाच्या लांब पट्टीवर तेंच तें फूल, तेंच तें निशाण ओळीनें भरीत. मग तुकडे करून ते कार्डाच्या चौकटींत बसवीत, आणि खंदकांतले शिपाई तीं कार्डें घरीं धाडीत. कांहीं कार्डांच्या रेशमाला इवलासा खिसा असे व त्यांत एक चिमुकलें कार्ड. आमचा खलिताच तो. फक्त राजाच्या हातून सुटून शिपायाच्या हातीं आलेला. खुद्द टपाल खात्यांनींही पुढें कापडाची हौस पुरविली. स्वित्झर्लंडनें २००० सालीं सेंट गॅलनच्या भरतकामाचें, खरोखर दोऱ्यानें भरलेलें तिकीट काढलें. आणि आपल्या टपाल खात्यानें फेब्रुवारी २०११ मध्यें दिल्लीच्या प्रदर्शनांत गांधीजींचें तिकीट खादीवर छापलें. त्याची किंमत २५० रुपये. ज्या माणसानें खादीचा आग्रह गरिबाच्या अन्नासाठीं धरला, त्याचें खादीचें तिकीट कोणा गरिबानें पत्राला चिकटविलें असेल असें मला वाटत नाहीं; तें संग्राहकांच्या वह्यांत गेलें.

आतां आरंभीं सांगितलेला प्रसंग. माझी भाची पांढरकवड्यास शिक्षिका आहे. टपाल म्हणजे काय तें मुलांस कळावें, म्हणून तिनें गेल्या वर्षीं वर्गांत कापडी कार्डें करवून घेण्याचें ठरविलें. चौदा सेंटिमीटर लांब व नऊ रुंद असा जाड पुठ्ठा. एका अंगास चिंध्या जुळवून, कडेनें टांके घालून शिवावयाच्या. दुसऱ्या अंगास पत्त्यासाठीं कागद खळीनें चिकटवावयाचा, कारण कापडावर शाई फुटते. टांके सैल राहिले तर यंत्रांत अडकतील, म्हणून तें लखोट्यांत घालून पाठविणें बरें. मुलें शिंप्यांकडे गेलीं व पिशव्या भरभरून कातरणें घेऊन आलीं. भाचीनें तीं टेबलावर ओतलीं आणि मला सांगितलें, "मामा, यांत कापूस नाहींच." खरेंच नव्हता. जवळजवळ सगळें पॉलिएस्टर व नायलॉन. ज्या गांवांत दिवाळीनंतर कापसाच्या गाड्या जिनांपुढें रांग लावून उभ्या राहतात, त्या गांवच्या शिंप्याच्या टोपलींत सुती चिंधी शोधून सांपडेना. पॉलिएस्टरचें कार्ड होत नाहीं असें नाहीं, पण बोटांखालीं तें निसरडें लागतें, टांका धरीत नाहीं. आणि त्याचा कागद तर कधींच व्हावयाचा नाहीं, कितीही कुटा. मुलांस मीं कागद कसा होतो तें हौसेनें सांगावयास गेलों होतों. लगदा दाखवावयास मूठभर चिंध्याही मिळेनात, तेव्हां बोलणें आवरतें घेतलें.

घरांत सुती कापड कोठें असेल तर तें जुन्या गोधड्यांत, असें भाचीस सुचलें. आई गेल्यास नऊ वर्षें झालीं; तिच्या हातची एक गोधडी माळ्यावर होती. ती आम्हीं अंगणांत पसरून कडेनें उसविली. वरचा थर लुगड्यांचा, खालचा धोतरांचा. मधल्या थरांत मांजरपाटाचे चौकोन, एकाशेजारीं एक. त्यांवर वडिलांच्या अक्षरांत, निळ्या शाईनें, माझें नांव आणि नागपूरच्या वसतिगृहाचा पत्ता. सुटींत घरीं येतांना रिकामीं कापडें परत आणावयाचीं, असा आईचा दंडक होता; तीं कोठें जात, हें मीं कधीं विचारलें नव्हतें. मीं मोजलीं, चौदा होतीं. कांहींवर लाखेचे तपकिरी डाग अजून कडक होते. वडिलांचीं कार्डें मीं खोल्या बदलतांना केव्हांच टाकून दिलीं होतीं.

एका चौकोनाच्या उलट बाजूस तांबडा काठ लागलेला होता. भाचीनें विचारलें, हा कापूं का? मीं पत्त्याचा भाग ठेवून काठ तिला दिला. तिनें तो तीस मुलांच्या कार्डांत थोडा थोडा वांटला. हीं कार्डें मुलांनीं ज्याच्या त्याच्या नातलगांस पाठविलीं. कोणाचें आदिलाबादेस गेलें, कोणाचें सुरतेस, जेथें बाप कामाला आहे तेथें. एक माझ्या नांवें आलें. लखोटा लावावयास कोणी विसरलें होतें, म्हणून पोस्टाचा शिक्का अर्धा तिकिटावर आणि अर्धा कडेच्या टांक्यांवर बसला होता. पोस्टमननें तें हातांत उलटसुलट करून पाहिलें आणि विचारलें, "सर, हें उघडावयाचें कोठून?"